क्रेलबाईंची भीती

आमच्या मंजूच्या पहिलीच्या बाई टेलिफोनला घाबरायच्या. शाळेच्या ऑफिसात तो वाजला की वर्गात शिकवता शिकवता त्या थांबायच्या आणि कुणीतरी उचलेपर्यंत खडू फळ्याला तसाच टेकलेला राहायचा. कुत्र्याला घाबरायच्या, विजेच्या कडकडाटाला घाबरायच्या. डोक्यावर टोपी आणि अंगात पितळी बटणांचा कोट असला की कुणालाही घाबरायच्या, मग तो पोस्टमन का असेना. बसमध्ये त्या कधीच बसत नसत. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बर्फ पडत असला तरी, त्या पायी जायच्या. बोळातून एखादं मोठं वाहन आलं की भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या, आणि ते निघून गेलं की घसा साफ करून बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू करायच्या. मध्ये काही झालंच नव्हतं असं.

त्यांचं नाव फ्रॉइलाइन हेडविग क्रेल. मी मनातल्या मनात त्यांना क्रेलबाई म्हणायचे. पुण्यात आमच्या शाळेत लेलेबाई होत्या, आपटेबाई होत्या, तशा या क्रेलबाई. उंच, किडकिडीत, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. केस करडे आणि कानाच्या वर कापलेले. खांद्याला एक कातडी पिशवी असे. तिच्यात पुस्तकांपेक्षा लोकरीचे मोजे, पावाचे तुकडे आणि मलमपट्टीचं सामान जास्त.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. हे विजेच्या उपकरणांच्या एका कारखान्यात शिकायला म्हणून आले होते, मग तिथेच नोकरीला लागले, आणि मी मंजूला घेऊन मागून आले. गावाच्या जुन्या भागात हूबर नावाच्या बेकरीवाल्याच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. भट्टीमुळे एक भिंत सदा गरम असायची, तेवढंच सुख. बाकी सगळ्याचीच मला भीती वाटायची. भाषेची, डोनाऊ नदीवरून येणाऱ्या धुक्याची, माझ्या साडीकडे वळून बघणाऱ्या म्हाताऱ्यांची. आणि सगळ्यात जास्त खालच्या आवाजाची.

दुकानाच्या मागच्या खोलीतून तो यायचा. आधी जमिनीवर काहीतरी आपटल्यासारखा, मग एक लांब हुंकार, ना माणसाचा ना जनावराचा. मी मालकीणबाईंना, फ्राऊ हूबरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मांजर आहे." हूबर पतीपत्नी दोघंच घरात राहतात असं आम्हाला सांगितलेलं होतं. त्या खोलीचा पडदा कधी उघडा दिसला नाही.

"अहो, हे मांजर नाही," मी यांना म्हटलं.

"आपण भाडेकरू," हे म्हणाले. "नसत्या चौकशा नकोत."

मंजूला शाळेत घालायचा दिवस आला. पोरीला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. वर्गाच्या दारात तिनं माझा पदर असा धरला की सोडवेना. क्रेलबाई आल्या आणि तिच्यासमोर चक्क जमिनीवर बसल्या. दोन्ही हात पुढे केले. मी पाहिलं, हात थरथरत होते. मला वाटलं, काही आजार असावा.

"मलाही पहिल्या दिवशी फार भीती वाटते," त्या मंजूला म्हणाल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, शेवटी माझ्याकडे बघून. "आल्झो, तर मग आपण मिळून घाबरू."

मंजूला शब्द कळले नाहीत. हात मात्र कळले असावेत, कारण तिनं पदर सोडून त्यातला एक धरला.

त्या वर्गात जे चालायचं ते आमच्या पुण्याच्या शाळेत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. प्रत्येक पोराकडे एक खातं होतं. खिडकीखातं, खडूखातं, कोटखातं. महिन्या-महिन्याला निवडणूक व्हायची. डब्यात वाल टाकून मतदान. हरलेल्यानं जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं आणि जिंकलेल्यानं हरलेल्याला विचारायचं, "तू असतास तर काय केलं असतंस?" शनिवारी शेवटचा तास 'नाही'चा. त्यात क्रेलबाई करड्या आवाजात भलताच हुकूम सोडायच्या. "सगळ्यांनी आपले बूट खिडकीबाहेर फेका!" किंवा "पेटरशी आजपासून कुणी बोलायचं नाही!" मुलांनी उभं राहून म्हणायचं, "नाइन, फ्रॉइलाइन क्रेल. का?" जो निमूट बूट काढायला लागेल त्याला शिक्षा नाही. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि पुन्हा, पुन्हा सराव घ्यायच्या.

मंजू घरी येऊन पहिलं पूर्ण जर्मन वाक्य बोलली ते हेच. यांनी तिला दूध संपव म्हटलं, तर ती ताठ उभी राहून म्हणाली, "नाइन, बाबा. का?" यांना ते मुळीच आवडलं नाही.

शनिवारी दुपारी त्या चार-पाच मुलांना घेऊन गावात हिंडायच्या. कुणा म्हाताऱ्याचा कोळसा जिन्यावरून वर चढवून द्यायचा, कुणाच्या दारातला बर्फ ओढायचा. गावाबाहेर लाकडी बराकी होत्या. लढाईनंतर पूर्वेकडून हाकलून दिलेली कुटुंबं तिथे राहायची आणि गावातले लोक त्यांच्या पोरांना आपल्या पोरांजवळ बसू देत नसत. क्रेलबाई नेमकं त्यांना आपल्या मुलांच्या शेजारी बसवायच्या. अशा फेरीला कधी मीही जायचे, मंजूचं निमित्त करून. बराकींपाशी एक कुत्रा असे. क्रेलबाईंचा चेहरा पांढराफटक पडायचा, त्या माझं मनगट घट्ट धरायच्या, आणि चालत राहायच्या.

दर गुरुवारी दुपारी त्या आमच्या बेकरीत यायच्या. हे माझ्या लवकर लक्षात आलं, कारण दुकानाची घंटा वाजायची आणि लगेच फ्राऊ हूबरचा आवाज चढायचा. मग दार आपटायचं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

एका गुरुवारी मी कोळशाची बादली घेऊन जिन्यात होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मधलं दार उघडं राहिलं होतं.

"तिला नऊ वर्षं झाली," क्रेलबाई म्हणत होत्या. "ती शाळेत यायला हवी. लीझलला घरात कोंडून—"

"तिचं नाव तुमच्या तोंडातून काढू नका!"

"फ्राऊ हूबर, आता ते दिवस राहिले नाहीत."

"दिवस?" फ्राऊ हूबर काउंटरच्या पुढे आल्या. मला त्यांची पाठ दिसत होती आणि कोपरापर्यंत पिठानं माखलेले हात. "माझ्या टोनीला न्यायला बस आली तेव्हा त्याच्या कोटाची बटणं कुणी लावली होती?"

क्रेलबाईंनी काउंटरची कड धरली.

"मी," त्या म्हणाल्या.

"काय सांगितलंत त्याला?"

"बसमधून फिरायला मिळेल म्हणून सांगितलं."

मी बादली खाली ठेवायचीही विसरले. फ्राऊ हूबर रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. दार उघडून उभ्या राहिल्या. क्रेलबाई बाहेर गेल्या. मग फ्राऊ हूबरनी वळून जिन्याकडे पाहिलं आणि मी तिथे होते हे त्यांना कळलं.

त्यांनीच मला मागच्या खोलीत नेलं. लीझल चटईवर होती. दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, मान एका बाजूला, हात तिच्या मनाविरुद्ध कुठेही जाणारे. जन्माच्या वेळी श्वास कोंडला होता, एवढंच मला समजलं. तिनं माझ्या साडीचा काठ पाहिला आणि तोच हुंकार काढला. जवळून ऐकला तेव्हा कळलं की ती हसत होती.

टोनी तिचा थोरला भाऊ. तिच्या कितीतरी आधीचा. त्याला फेफरं यायचं, पण तो शाळेत जायचा, गाणी म्हणायचा. लढाईच्या काळात एक दिवस शाळेच्या अंगणात राखाडी बस आली. तपासणीला न्यायचं म्हणाले. आईला निरोप मिळाला तोवर बस गेलेली होती. पुढे कळवण्यात आलं की मुलगा न्यूमोनियानं गेला. अशी किती आजारी, अपंग मुलं किती गावांतून नेली, आणि सरकारनंच ती मारली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. क्रेलबाई तेव्हा नव्यानं नोकरीला लागलेल्या तरुण शिक्षिका होत्या.

"त्यांना ठाऊक होतं का?" मी विचारलं.

"ती म्हणते, संशय होता," फ्राऊ हूबर म्हणाल्या. "म्हणते, विचारायची भीती वाटली."

मला वाटलं, आता क्रेलबाई काही येत नाहीत. पुढच्या गुरुवारी घंटा वाजली. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिला नेणार नाही. मीच इथे येते. तुम्ही समोर बसा. दारं सगळी उघडी ठेवा."

फ्राऊ हूबर हो म्हणाल्या नाहीत, पण दारही आपटलं नाही. पानगळीचे ते सगळे दिवस क्रेलबाई चटईवर बसून लीझलला शिकवत होत्या आणि आई हातात लाटणं घेऊन दाराच्या चौकटीत उभी असायची. लीझलच्या तोंडून शब्द मोडके यायचे, डोकं मात्र तल्लख होतं. मंजू खाली जाऊन बसायला लागली. दोघींचं काय चालायचं कोण जाणे, मंजू मराठीत बोलायची आणि लीझल खिदळायची.

एका सकाळी मंजू दप्तर पाठीला लावून शाळेला निघाली. आतून लीझल ओरडली. शब्द नीट दोन आले. "इश आउख!" मी पण.

फ्राऊ हूबर ट्रेमधले पाव मोजत होत्या. त्या थांबल्या. त्या गुरुवारी त्यांनी क्रेलबाईंना सांगितलं, "मोटारीत घालायचं नाही. कुठल्याच मोटारीत. तुम्ही स्वतः न्यायचं आणि स्वतः आणायचं."

"गेनाऊ, अगदी तसंच," क्रेलबाई म्हणाल्या. एवढंच.

लाकडी हातगाडीत, ज्यात लोक लाकूडफाटा वाहतात, उशा घालून त्यांनी लीझलला दगडी रस्त्यावरून ओढत शाळेत नेलं. पहिल्या दिवशी बोळातल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. लीझल मोठमोठ्यानं हसत होती आणि गाडी ओढणाऱ्या बाईंना घाम फुटला होता.

आठवड्याभरात पालकांची सभा भरली. हे आले नाहीत, मी गेले. एक गृहस्थ उठले, चांगल्या कपड्यांतले, बोलणंही अगदी सभ्य. "आमच्या मुलांचा अभ्यास बुडेल. आणि त्या मुलीवरही हा अन्यायच. तिच्यासारख्यांसाठी संस्था असतात."

क्रेलबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. मला वाटलं, त्यांना भोवळ येतेय. बसल्या बसल्याच त्या म्हणाल्या, "हो, असतात. मी एकाला पाठवलंय."

बहुतेकांना टोनी माहीत होता. हेडमास्तर म्हातारे होते, त्यांना तंटा नको होता. "ख्रिसमसपर्यंत बघू," ते म्हणाले. काही जणांनी आपली मुलं दुसऱ्या वर्गात हलवली. क्रेलबाईंच्या घराच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. ते पुसायला आम्ही दोघी-तिघी गेलो तेव्हा त्या आतून विचारत राहिल्या, "कोण? कोण?" आवाज ओळखल्याशिवाय कडी काढेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हातगाडी नेहमीच्या वेळेला बेकरीच्या दारात होती.

वर्गात लीझलला घंटाखातं मिळालं. गोंधळ वाढला की तिनं गाडीच्या कठड्याला बांधलेली छोटी घंटा वाजवायची. एकदा क्रेलबाई स्वतःच कुणावर तरी आवाज चढवून बोलत होत्या तर तिनं त्यांच्यावरच वाजवली. बाई गप्प झाल्या, माफी मागितली. मंजूनं हे घरी येऊन तिखटमीठ लावून सांगितलं.

ख्रिसमस गेला. कुणी विषय काढला नाही. मग वसंतात क्षयाच्या तपासणीची फिरती गाडी आली. छातीचे फोटो काढणारं यंत्र बसमध्येच बसवलेलं असे आणि ती गावोगाव हिंडे. लहान मुलांचे स्वेटर काढायला-घालायला आम्हा चार-पाच आयांना बोलावलं होतं. बस अंगणात शिरली आणि माझ्या शेजारची बाई "येझुस" म्हणून पुटपुटली. बस राखाडी होती.

मी क्रेलबाईंना शोधलं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, दोन्ही तळवे भिंतीवर. मुलं रांगेत. लीझलची गाडी रांगेच्या शेवटी. नर्सनं नावं पुकारली आणि मुलं आत जाऊन बाहेर यायला लागली. इंजिन चालूच होतं. क्रेलबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी नर्स लीझलला उचलायला वाकली.

"थांबा," क्रेलबाई म्हणाल्या. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. मग त्या भिंतीपासून सुटल्या आणि ओरडल्या, "थांबा!"

एक तरुण डॉक्टर पायरीवर आला. "फ्रॉइलाइन, फक्त फुप्फुसांचा फोटो आहे. सरकारी तपासणी आहे. तिचं नाव यादीत आहे."

"यादीत आहे म्हणूनच!"

डॉक्टरला काही कळलं नाही. त्या वेळी तो स्वतःच पोरगा असणार. तेवढ्यात फाटकातून फ्राऊ हूबर धावत आल्या. कुणीतरी दुकानात जाऊन सांगितलं होतं. अंगात ॲप्रन, हात पांढरे, पायात एकच चप्पल. त्यांनी लीझलच्या हातगाडीवर अक्षरशः अंग टाकलं. लीझल रडायला लागली, तिचं बघून बाकीची मुलंही. मंजू माझ्या कमरेला मिठी मारून उभी होती.

क्रेलबाई ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेल्या. "गाडी बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि किल्ली या बाईंच्या हातात द्या."

"हा काय प्रकार आहे?" डॉक्टर म्हणाला.

ड्रायव्हर वयस्कर होता. त्यानं बाईंकडे पाहिलं, मग हातगाडीवर पडलेल्या आईकडे पाहिलं. त्याला समजलं. इंजिन बंद झालं. तो लंगडत खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि किल्ली फ्राऊ हूबरच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं स्वतः मिटवली.

मग क्रेलबाई एकट्या बसमध्ये चढल्या. किती वेळ आत होत्या सांगता येणार नाही, मला तर फार वाटला. बाहेर आल्या तेव्हा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता. त्या फ्राऊ हूबरसमोर उभ्या राहिल्या.

"आत एक यंत्र आहे," त्या म्हणाल्या. "एक बाक आहे. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, त्यांतून अंगण दिसतं. मी माझा फोटो काढून आले. दारं उघडी राहतील. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

फ्राऊ हूबरनी लीझलला विचारलं, "जायचं?"

लीझलनं नाक ओढलं आणि म्हणाली, "इश आउख."

क्रेलबाईंनी तिला उचलून नेलं. तिच्या कोटाच्या बटणांना त्यांनी हात लावला नाही; ती आईनं आधीच सोडली होती, क्रेलबाईंच्या हातांकडे न बघता. उघड्या दारातून यंत्राची घरघर ऐकू आली आणि पाठोपाठ लीझलचं हसू. ती बाहेर आली. आईनं तिला घेतलं आणि हातगाडीही न घेता सरळ घराची वाट धरली. किल्ली मुठीत तशीच. ड्रायव्हरला ती आणायला बेकरीत जावं लागलं. तो परतला तेव्हा त्याच्या काखेत एक मोठा पाव होता.

क्रेलबाई अंगणात हातगाडीच्या कठड्यावर बसून राहिल्या. मी जाऊन शेजारी बसले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आज केलं की भीती जाईल. गेली नाही हो, फ्राऊ साठे."

नंतर त्यांना वरून समज मिळाली, सरकारी कामात अडथळा आणला म्हणून. लीझल शाळेत राहिली. वाचायला शिकली, लिहिणं तिच्या हातांना कधी जमलं नाही. पुढे ती बेकरीच्या काउंटरपाशी खुर्चीत बसायची, पडदा नाही, काही नाही, आणि गिऱ्हाइकांशी इतकं बोलायची की लोकांना कामाला उशीर व्हायचा. फ्राऊ हूबर आणि क्रेलबाई यांची मैत्री काही झाली नाही. फ्राऊ हूबरनी त्यांना माफ केलं की नाही हे मला माहीत नाही, आणि क्रेलबाईंनी ते कधी मागितलं असंही मला वाटत नाही. गुरुवारी घंटा वाजायची. फ्राऊ हूबर पाव बांधून द्यायच्या. एवढंच चालायचं.

आम्ही परत निघालो तोवर साठचं दशक अर्धं सरलं होतं. गावाच्या कारखान्यांत इटलीची, तुर्कस्तानची माणसं कामाला आली होती आणि बराकींतून आता ती राहत होती. संध्याकाळी मी निरोप घ्यायला शाळेत गेले. वर्गात दिवा होता. खिडकीची एक काच दगड मारून फोडलेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता. शेजारच्या काचेतून मी आत पाहिलं.

पहिलीच्या बुटक्या बाकांवर मोठमोठाले पुरुष बसले होते, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. एक मिशीवाला टोपी हातात धरून क्रेलबाईंच्या टेबलासमोर उभा होता. सरावासाठी क्रेलबाई ऑफिसातल्या कारकून झाल्या होत्या.

"कागद अपुरे आहेत. उद्या या," त्या तुसडेपणानं म्हणाल्या.

माणूस वळून जायला निघाला.

"नाही, नाही!" बाकांवरून दोन-तीन जण एकदम ओरडले.

तो परत फिरला. शब्द जुळवत म्हणाला, "माझी बायको येणार आहे. मुलं येणार आहेत. कुठला कागद अपुरा? लिहून द्या."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. क्रेलबाईही हसल्या. केस आता पूर्ण पांढरे झाले होते. बाहेर रस्त्यात कुणीतरी पोरं मोठ्यानं काही ओरडत गेली आणि आतले सगळे एकदम गप्प झाले. बाईंनी मान वळवून अंधारात पाहिलं. मी त्यांना दिसले की नाही कळलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्यांनी टेबल फळ्यापाशी ठेवलेलंच नव्हतं. फुटक्या काचेच्या अगदी खाली ओढून घेतलं होतं, आणि त्या माणसांना पलीकडच्या भिंतीशी बसवलं होतं.

मी दार वाजवलं नाही. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "पुढचे, या."